बर्गर, बाकडं आणि चवदार तळं

हॅमबर्गरमध्ये हॅम नसतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या महाड-पोलादपूरकडच्या मुस्लिम घरांत अजूनही कुणी ज्येष्ठ हा शब्द ऐकला की हातातला घास खाली ठेवतात. 'हॅम' म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, हे आखातात नोकरी करून आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे पोरांनी हायवेवरच्या हॉटेलात बर्गर मागितला की आधी चौकशी होते आणि मगच पाकीट बाहेर निघतं.

नाव आलं आहे ते हॅम्बुर्ग या जर्मनीतल्या बंदरावरून. एकोणिसाव्या शतकात त्या बंदरातून लाखो माणसं पोट भरायला अमेरिकेला गेली. न्यूयॉर्कच्या खाणावळींत 'हॅम्बुर्ग स्टेक' या नावाने खिम्याची थापलेली, भाजलेली वडी मिळू लागली. कोल्हापूरचं ते कोल्हापुरी, तसं हॅम्बुर्गचं ते हॅमबर्गर. पुढे अमेरिकनांनीच त्या शब्दाचा भलत्या जागी तुकडा पाडला, 'बर्गर' वेगळा काढला आणि त्याला चीज, चिकन, व्हेज असं काहीही जोडलं. म्हणजे नावात हराम काही नाही. हलाल-हरामचा प्रश्न मांसाचा आहे, आणि मांस घरचं असेल तर तोही सुटतो.

जुन्या धाटणीचा, अमेरिकन डायनरमध्ये मिळायचा तसा बर्गर आपल्या तव्यावर कसा करायचा, ते या लेखात सांगणार आहे. पण त्याचा इतिहास वाचताना मला सारखं महाड आठवत राहिलं, त्यामुळे लेख फक्त पाककृतीचा राहिलेला नाही. हा बर्गर ज्या बाकड्यावर मिळायचा, तिथे कोण बसू शकत होतं, हा प्रश्न त्या इतिहासात आहेच. आणि तोच प्रश्न पाण्याच्या बाबतीत आमच्या गावात 1927 साली विचारला गेला होता.

डायनर म्हणजे काय?

डायनरची सुरुवात घोडागाडीपासून झाली. 1872 साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने एका गाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळी करणारे, उशिरापर्यंत राबणारे लोक त्याचे गिऱ्हाईक. तोवर बाकीची हॉटेलं बंद झालेली असत. हळूहळू या गाड्या मोठ्या झाल्या, एका जागी स्थिरावल्या, रेल्वेच्या डब्यासारख्या दिसू लागल्या. आत एक लांब फळी, फळीपुढे स्टुलांची रांग, फळीपलीकडे तापलेला लोखंडी पत्रा आणि त्यावर समोरच भाजलं जाणारं खाणं. गिऱ्हाइकाने बसायचं, दहा मिनिटांत खायचं, पैसे टाकून कामाला जायचं.

बर्गर तिथलाच. 1921 मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रॅम या दोघांनी 'व्हाइट कॅसल' सुरू केलं. पाच सेंटला एक छोटा बर्गर. दुकान पांढरं, आतली भांडी चकचकीत. त्या पांढऱ्या रंगामागे कारण होतं. 1906 साली अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' ही कादंबरी आली आणि शिकागोच्या कत्तलखान्यांमधली घाण लोकांना कळली. त्याच वर्षी अमेरिकेत मांसाच्या तपासणीचा कायदा झाला. खिम्यावर तर लोकांचा विशेष अविश्वास होता, कारण खिम्यात काय मिसळलं आहे ते डोळ्याला दिसत नाही. म्हणून मांस गिऱ्हाइकासमोर भाजायचं आणि भिंती पांढऱ्या ठेवायच्या. आपल्याकडे अजूनही बायका नवऱ्याला बजावून पाठवतात, 'समोर उभं राहून खिमा करून घ्या, आधीच केलेला आणू नका.' भीती तीच, इलाजही तोच.

दुसरी गोष्ट कांद्याची. 1920 च्या दशकात ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो या रेल्वेच्या गावात मांस महाग आणि कांदा स्वस्त होता. तिथल्या बर्गरवाल्यांनी मूठभर कांदा अगदी पातळ चिरून खिम्याच्या गोळ्यावर टाकला आणि तो तव्यावर खिम्यातच दाबून बसवला. वडी मोठी दिसली, पोट भरलं आणि चवही वाढली. मांस पुरवून पुरवून खाण्याची ही युक्ती कोणत्या गरीब घराला नवी आहे? आपण खिम्यात बटाटा टाकतो, मटार टाकतो, शामी कबाबात चण्याची डाळ घालतो. पाव किलोत सहा माणसं जेवतात.

खिमा आणि पाव, दोन्ही आधीपासून घरात

'खिमा' हा शब्द तुर्की. 'कियमा' म्हणजे बारीक चिरलेलं. फारसीतून तो हिंदुस्थानात आला. 1226 साली बगदादमध्ये मुहम्मद बिन हसन अल-बगदादीने लिहिलेल्या पाकग्रंथात कुटलेल्या मांसाचे गोळे आहेत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त खिमा पुलाव आणि खिमा शोरबा आहे. दख्खनमध्ये मांस निखाऱ्यावर भाजणं तर सुलतानांच्याही आधीचं. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात शिगेवर भाजलेल्या मांसाचं वर्णन आहे. मांसाहार मुसलमानांनी आणला असं जे म्हणतात, त्यांनी हा ग्रंथ एकदा चाळावा.

पाव आला पोर्तुगिजांकडून, शब्दासकट. गोव्याच्या बेकरीवाल्यांनी तो मुंबईला नेला. मुंबईत इराण्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं काढली: संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, काचेच्या ग्लासात चहा. तिथे खिमा आणि पाव एका ताटलीत आले. गिरणीत, गोदीत, छापखान्यात जाणारा माणूस सकाळी खिमा-पाव खाऊन दिवसभर उभा राहू शकत असे. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला गेली, त्यांत हिंदू होते, दलित होते, मुसलमान होते. कोकणातले मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणूनही जात. जहाजावर खलाशांसाठी स्वयंपाक करणाऱ्याला 'भंडारी' म्हणत आणि हा शब्द इंग्रजांच्या कागदपत्रांतही तसाच गेला. या लोकांना खिमा-पावाची चव घरापासून लांब असताना लागली. सुट्टीला गावी येताना ती सोबत आली.

प्रॉव्हिडन्सची घोडागाडी आणि मुंबईचा इराणी, दोघांचं काम एकच: घरापासून लांब असलेल्या कामकरी माणसाला कमी पैशांत, कमी वेळात, गरम मांस आणि पाव देणं. अमेरिकनाने खिम्याची वडी केली, आपण तो रश्शात शिजवला. एवढाच काय तो फरक.

1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी पावात बटाटेवडा घालून विकायला सुरुवात केली. त्याला पुढे 'मुंबईचा बर्गर' म्हटलं गेलं. 1996 साली मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि मग मुंबईत आलं, तेव्हा त्यांच्या मेन्यूत ना गोमांस होतं ना डुकराचं. ज्या कंपनीचा जगभरचा धंदा गोमांसाच्या वडीवर उभा, तिला इथे 'महाराजा मॅक' मटणाचा करावा लागला, पुढे तो चिकनचा झाला. गिऱ्हाइकाच्या मनाला जपलं की धंदा चालतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

कोणतं मांस?

इथे कायद्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी आहे. बैल आणि वळू यांच्यापर्यंत ती वाढवणारी दुरुस्ती 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केली, पण तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली मार्च 2015 मध्ये. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा तिच्यात आहे. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कायदेशीर कत्तल झालेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत, त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची अट आहे.

तेव्हा आपल्या बर्गरला मांस एकतर बकऱ्याचं किंवा परवाना असलेल्या दुकानातलं म्हशीचं. हे नुसतं कायद्याला भिऊन म्हणत नाही. रस्त्यात डबा उघडून तपासणारे लोक कायदा वाचून येत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून खरेदीची पावती ठेवावी, हे पोरांना सांगावं लागतं. पाककृतीच्या लेखात पावतीची सूचना द्यावी लागते, हा आपला काळ आहे.

आणि या बंदीचा फटका फक्त मुसलमानांना बसला नाही. बैलाचं मांस हे दलित वस्त्यांचंही स्वस्त अन्न होतं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्यात पोटाला आधार देत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ते पुस्तकही 2015 सालचंच.

आता तव्याकडे

डायनरच्या बर्गरमध्ये मसाला नसतो. आपल्या हाताला हे सर्वांत कठीण जातं. आलं-लसूण नको, गरम मसाला नको, अंडं नको, पावाचा चुरा नको. ते सगळं घातलं की चांगला कबाब होतो, पण बर्गर होत नाही. मांसाची आणि भाजण्याची चव, एवढंच त्यात असतं.

खाटिकाकडून दस्ती आणि सीना, दोन्हींचं मांस घ्यावं. दस्तीला चव असते, सीन्याला चरबी. खिम्यात चरबी पाचातला एक भाग तरी हवी. म्हशीचं मांस कोरडं असतं, त्यात चरबी वेगळी मागून घालावी लागते. यंत्रातून एकदाच काढायला सांगावं, दोनदा नको. घरी आणल्यावर धुवायचा असेल तर मांस खिमा करण्याआधी धुवावं. खिमा धुतला की त्यात पाणी राहतं, आणि ओला खिमा तव्यावर भाजला न जाता शिजत बसतो.

मीठ आधी मिसळायचं नाही. मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना चिकटतात. सीख कबाबाला तेच हवं असतं, नाहीतर मांस सळईवरून गळून पडेल. म्हणून कबाबवाला खिमा कणकेसारखा मळतो. बर्गर मात्र भुसभुशीत हवा, दाताखाली सुटणारा. त्यामुळे खिमा न मळता त्याचे साठ-सत्तर ग्रॅमचे सैल गोळे करावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे. लाडू वळतो तसे घट्ट वळू नयेत.

तवा बिडाचा हवा, घावन-आंबोळ्यांचा असतो तोच. नॉनस्टिक नको, कारण तो इतका तापवणं बरं नाही. तवा रिकामाच मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापू द्यावा, मग तेलाचा नुसता हात फिरवावा. गोळा ठेवावा, त्यावर पातळ उभा चिरलेला कांदा मूठभर टाकावा, आणि चपट्या कालथ्याने जोर लावून एकदाच दाबावं. कालथा चिकटत असेल तर मध्ये बटरपेपरचा तुकडा धरावा. वडी पावापेक्षा थोडी मोठी पसरली पाहिजे, कारण भाजताना ती आक्रसते. आता वरून मीठ आणि मिरपूड. पुन्हा दाबायचं नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात चरबी अजून घट्ट असते म्हणून दाबलेलं चालतं. नंतर दाबलं तर सगळा रस तव्यावर जातो.

दीड-दोन मिनिटांत कडा तपकिरी आणि जाळीदार दिसू लागतात. कालथा तव्याला घासत खालून घालून, सगळी खरवड सकट वडी उलटावी. चव त्या खरवडीत असते. कांदा आता खाली जातो आणि चरबीत तळला जातो. चीज हवं असेल तर याच वेळी एक चकती ठेवावी. वर पावाचा अर्धा भाग पालथा घालावा, म्हणजे वाफेने तो मऊ होतो. दुसरा अर्धा बाजूला लोण्यात भाजून घ्यावा. लादीपाव चालतो, तो साखर घातलेल्या बर्गरपावापेक्षा बराच. सोबत काकडीच्या मीठ-व्हिनेगरातल्या चकत्या. टोमॅटो, कोबी, चार प्रकारचे सॉस हा नंतरचा पसारा आहे.

एक गोष्ट विसरू नये. अमेरिकेत काही लोक वडी आतून गुलाबी ठेवतात. आपण ठेवायची नाही. मांसाच्या तुकड्यावर जंतू फक्त पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. वडी आतून 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापली पाहिजे. पातळ वडीला ते आपोआप होतं, हा या जुन्या पद्धतीचा आणखी एक फायदा.

बाकड्यावर कोण बसणार?

डायनरचं चित्र सिनेमांत फार गोड दिसतं: चकचकीत स्टुलं, हसरी वाढपीण, जो येईल तो शेजारी बसतोय. खरं चित्र वेगळं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या स्टुलांवर काळ्या माणसाला बसता येत नसे. 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. त्यांनी दुकानात किरकोळ सामान घेतलं. त्याचे पैसे दुकानाने बिनतक्रार घेतले. मग ते त्याच दुकानातल्या खाण्याच्या बाकड्यावर बसले आणि कॉफी मागितली. ती मिळाली नाही. ते बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी अधिक जणांना घेऊन आले. जुलैत त्या बाकड्यावर काळ्यांना वाढलं जाऊ लागलं. पण सगळीकडे ते इतक्या लवकर झालं नाही. 1963 च्या मे महिन्यात मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी असंच बसलेल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या शिक्षकाच्या डोक्यावर जमावाने केचप, मोहरीचा सॉस आणि साखर ओतली. त्या दिवसाचा फोटो जगभर गेला. आपण बर्गरवर जे घालतो, तेच त्यांच्या डोक्यावर ओतलं गेलं होतं.

हे वाचताना महाडच्या माणसाला 20 मार्च 1927 आठवणार नाही असं होत नाही.

रावबहादूर सी. के. बोले यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण अस्पृश्यांनी तिथे जावं अशी स्थिती नव्हती. मुसलमान त्या तळ्याचं पाणी भरत होते. गुरंढोरंही पीत होती. 19 आणि 20 मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. ग्रीन्सबरोच्या दुकानासारखंच हे: पैसे घेतले जातील, पण बरोबरीने बसू दिलं जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून गेला. काही जण तिथे जेवत होते. त्यांना मारलं, शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं, भांडी ठेचली. जॅक्सनच्या केचपच्या छत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. माणसाला अपमानित करायचं असेल तर त्याच्या अन्नाची नासाडी करायची, हे जमावाला दोन्ही ठिकाणी सारखंच सुचलं. नंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या एकशे आठ घागरी त्यात ओतल्या गेल्या.

त्या दिवशी जीव वाचवत पळालेल्यांपैकी काहींना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपाला कुणी हिंदू जमीन देईना. ती फत्तेखान यांनी दिली. गावातले व्यापारी सामान विकणार नाहीत म्हणून धान्य बाहेरून आणावं लागलं. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला चालत आले. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, ती त्या जमिनीवर. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस कायस्थ. न्यायालयाच्या मनाईमुळे त्या वेळी तळ्याचं पाणी घेता आलं नाही. खटला दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

1950 साली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड काढून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची तिथे यादी आहे. आधी दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा. मग विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. बाकडं आणि तळं एकाच खंडात शेजारी शेजारी आहेत. अमेरिकेला असा कायदा करायला 1964 उजाडलं.

आपला हिशेब

फत्तेखानांचं नाव आपण मुसलमान मोठ्या अभिमानाने घेतो. मीही घेतो. पण शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी दिलेल्या जमिनीवर आपण किती दिवस उभं राहणार?

ज्या खाटिकाच्या हातचा खिमा आपण चवीने खातो, त्याच्या घरी सोयरीक जुळवायची म्हटली की किती घरांत शांतता पसरते? मशिदीत एका रांगेत उभं राहतो, लग्नाच्या यादीत मात्र बिरादरी पाहतो. मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न महाराष्ट्रात मांडला तेव्हा 'इस्लाममध्ये जात नाही' असं उत्तर देणारे खूप निघाले. इस्लाममध्ये नाही हे खरं. आपल्यात आहे, हेही खरं. आणि वाड्या-वस्त्यांवरून कामाला येणाऱ्या माणसासाठी वेगळा कप ठेवणारी घरं फक्त एकाच धर्माची आहेत, असं शपथेवर सांगण्याची माझी तयारी नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. एखादा पदार्थ न खाणं आणि माणसासोबत न बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण डुकराचं मांस खात नाही, म्हणून आपण कुणाला अस्पृश्य मानतो असं नाही. त्याच न्यायाने शेजारच्या वारकरी घरातलं मूल मटण खात नसेल, तर ते आपला अपमान करत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर बटाट्याची टिक्की भाजावी, कालथाही वेगळा घ्यावा, आणि ते आवर्जून त्याला दिसू द्यावं. ही अदब आहे. महाडच्या तळ्यावर जे झालं ते वेगळं होतं. तिथे पाणी कुणालाच वर्ज्य नव्हतं, माणसं वर्ज्य होती. आज शहरांत 'मांसाहारी लोकांना घर मिळणार नाही' अशी पाटी लागते, तेव्हा तिचं नाव जेवणाचं असतं आणि काम तळ्याचं असतं. आपण दुसऱ्यांकडून ज्या सन्मानाची अपेक्षा करतो, तो आपल्या दस्तरखानावर आधी दिसायला हवा.

म्हणून हा बर्गर घरी करण्याची शिफारस करतो. हायवेवर तो मिळतो, महाडला मिळतो, पोलादपूरच्या स्टँडवर उतरून चार पावलं गेलं तरी मिळतो. पण तिथे ज्याच्या खिशात पैसे तोच बसतो. घरी कुणाला बसवायचं ते आपल्या हातात असतं. एक किलो खिम्यात पंधरा बर्गर होतात. चार माणसांच्या घराला तेवढे लागत नाहीत. मग पोरांच्या वर्गातल्या मित्रांना बोलवा, समोरच्या आळीतल्यांना बोलवा, खिमा करून देणाऱ्यालाही बोलवा.

शेवटची सूचना तव्याची आहे. या पद्धतीचा बर्गर ठेवून खाता येत नाही. पाच मिनिटांत चरबी थिजते, पाव लोळा होतो, आणि सगळे झाल्यावर एकत्र वाढू म्हटलं तर पहिले चार वाया जातात. म्हणून आधी माणसं बसवायची, मग तवा तापवायचा.